साहेबांचा माणूस

२८ ऑक्टोबर, सोमवार

आमदारकीचं तिकीट पुन्हा साहेबांनाच. बातमी आली तेव्हा अरुण दुकानात होता. शटर ओढून घरी आला आणि न जेवताच आडवा झाला. (इथे तरी नावानं लिहिते. समोर अजून जीभ वळत नाही, ‘अहो’च निघतं.)

संध्याकाळी हॉल माणसांनी भरला. बाहेर चपलांचा ढीग. सगळ्यांचं एकच, या वेळी अपक्ष उभे राहा. साहेबांच्या मागे इतकी वर्षं फिरलात, एकदा नगरसेवक झालात, त्यापुढे काय?

सगळ्यात मोठा आवाज बंडूभाऊजींचा. नरखेडकडच्या एकाच गावचे हे दोघं, एका शाळेतले. भाऊजींचं चौकात मोटरसायकल दुरुस्तीचं शेड. पक्षाचे वॉर्डाध्यक्ष होते, आज दुपारी राजीनामा देऊनच आले. "तुह्यासाठी देल्ला ना गा राजीनामा. आता तू फॉर्म नाई भरला तं मी कोणाले तोंड दाखवू?"

अरुण माझ्याकडे पाहत राहिला. सगळ्यांसमोर.

मी म्हटलं, भरा.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

रजा टाकली. सकाळी ओवाळलं.

अपेक्षेपेक्षा जास्त माणसं आली. ढोल, फटाके, बायकाही बऱ्याच. फॉर्म भरून बाहेर आल्यावर अरुण पायऱ्यांवर उभा राहून बोलला. एरवी भाषणात दर दोन वाक्यांनी ‘आदरणीय साहेब’ येतात. आज एकदाही नाही. "सभा झाल्यावर मी सतरंज्या उचलल्या. माझ्यासोबत तुम्ही उचलल्या. आता पुरे." बस, एवढंच. पण काय टाळ्या पडल्या.

इतकी वर्षं संसार करून माणूस नवा दिसू शकतो.

बंडूभाऊजी रडले. मग रडले म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

पूजा आटोपते न आटोपते तोच साहेब दारात. सोबत एकच माणूस. ना गाड्यांचा ताफा, ना कोणाला निरोप. बंडूभाऊजी आणि आणखी चारपाच जण बसले होते, सगळेच उठून उभे राहिले. सवय. भाऊजीसुद्धा उठले, मग लक्षात आल्यावर परत बसले.

साहेबांनी फराळ केला. चिवड्याची तारीफ केली. माझ्या ऑफिसची चौकशी, सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी, आमच्या लेकीचं, मुक्ताचं पुण्यात कसं चाललं आहे त्याची चौकशी. निवडणुकीवर चकार शब्द नाही. अर्धा तास बसले. जाताना दारात अरुणच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू रागावला आहेस ते बरोबर आहे."

बस. गेले.

बंडूभाऊजी म्हणाले, "पाहिलं का? घाबरला बुढा. आता तं पडलाच समज."

अरुण दारातच उभा होता. खांदा तसाच, थोडा वर उचललेला.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

सकाळी दादाकडे गेले. दुपारी परत. अरुण घरी नाही. फोन बंद.

चार वाजता बंडूभाऊजी आले. मग बाकीचे. "वहिनी, कुठं गेला थो?" मला खरंच माहीत नव्हतं. कोणाला खरं वाटेना. एकजण तर आत स्वयंपाकघरात डोकावून आला. भाऊजींनी त्याला झापलं, पण पुढे मला हळूच विचारलं, "वहिनी, मले तरी सांगा. उचलून तं नाई नेलं कोणी?"

संध्याकाळी एका अनोळखी नंबरवरून अरुणचा फोन. "मी बरा आहे. उद्या येतो. काळजी करू नको." कुठे आहात विचारलं, तोवर बंद.

बरा आहे म्हणाला तेव्हाच मला शंका आली. संकटात असता तर आवाज असा नसता.

४ नोव्हेंबर, सोमवार

ऑफिसात बातमी कळली. शेजारच्या टेबलवरच्या जोशीबाईंनी फोन समोर धरला. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या तासात अरुण त्याच पायऱ्यांवर. शेजारी साहेब. साहेबांचा हात खांद्यावर. अरुण सांगतोय, ‘घरातला विषय होता, घरात मिटला.’

सदरच्या ऑफिसातून घरी येईपर्यंत बसमध्ये उभीच होते. जागा रिकामी होती, बसायचं सुचलं नाही.

बंडूभाऊजी फाटकाशी. आत या म्हटलं, आले नाहीत. गाडीतून अरुण उतरला. साहेबांचीच गाडी. भाऊजी पुढे झाले. मला वाटलं, मारतात आता. मारलं नाही.

"काहून गा?"

"बंडू, आत चल. बसून बोलू."

"बसून कायले? उभ्यानं सांग ना. काहून?"

अरुण फाटकाची कडी लावत राहिला. लागत नव्हती. भाऊजी गेले.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज तीन ठिकाणी तोच प्रश्न, किती घेतले? भाजीवालीनं हसत. ऑफिसात वरिष्ठांनी आडून. शेजारच्या शिंदेकाकांनी सरळच, ‘बरंच काही मिळालं असेल.’

घरी आल्यावर मीही विचारलं. तेवढी वाईट झाले.

अरुण म्हणाला काही घेतलं नाही. मुक्ताची शपथ घ्यायला निघाला, मी थांबवलं. मग जे बोलला ते जसंच्या तसं लिहून ठेवते, "ते दोन दिवस माझ्याशीच बोलत होते. फक्त माझ्याशी. लोक बाहेर ताटकळून होते आणि ते मला विचारत होते, अरुण, तुला काय वाटतं? इतक्या वर्षांत कधी असं विचारलं नव्हतं."

महामंडळावर घेण्याचा शब्दही आहे म्हणे. पण ते त्यानं नंतर सांगितलं, असंच, चहा पिता पिता.

पैसे घेतले असते तर समजलं असतं मला. रागावता तरी आलं असतं. यावर काय रागवायचं?

९ नोव्हेंबर

सासूबाईंचा गावाहून फोन. "काहून वं, अरुण्यानं नाव मागं घेतलं म्हन्तेत. मले इथी सारे विचारून राह्यले, मी काय सांगू?" म्हटलं, आई, त्यांनाच विचारा. "त्याले इचारलं. थो म्हन्ते पक्षाचा आदेश. पक्ष त्याचा माय हाय का?"

फोन ठेवल्यावर हसू आलं, मग थांबलं.

प्रचार सुरू. अरुण सकाळी सातला बाहेर. साहेबांनी आमच्याच भागाची जबाबदारी दिली आहे. ज्या घरांतून ‘या वेळी तुम्हीच’ म्हणून पाठिंबा घेतला, त्याच घरांच्या बेल वाजवायच्या. परवा एका म्हाताऱ्यानं दार उघडलं, पाहिलं, लावून घेतलं. हे त्यानं स्वतः सांगितलं. का सांगितलं कळलं नाही. मी जेवण वाढलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

चक्कीवर शोभा भेटली, बंडूभाऊजींची बायको. दळणाचा डबा ठेवून जवळ आली. मी घाबरलेच होते, पण बोलली नेहमीसारखी.

भाऊजी समोरच्या उमेदवाराकडे गेले. गळ्यात त्यांचा दुपट्टा घालून फिरतात. "मी म्हटलं, कायले या भानगडीत पडता, आपलं शेड रस्त्याच्या कडेले हाय, कोणाच्या डोळ्यात खुपलं तं? तं म्हन्ते, आता मले कोणाच्या मागं तं उभं राह्यलंच पाहिजे, नाई तं लोक म्हणतील अरुणसोबत यानंबी खाल्लं."

चक्कीचा आवाज होता म्हणून बरं. मी काय उत्तर दिलं ते तिला ऐकूच गेलं नसेल.

१८ नोव्हेंबर

भोंगे बंद झाले. कान सुन्न. घर एकदम मोठं वाटतं.

अरुणचा घसा बसलाय. हळद-दूध दिलं. म्हणाला, या वेळी कठीण आहे, लोक नाराज आहेत, साहेब पडूही शकतात.

आणि मला त्याच्या आवाजात कुठेतरी आशा ऐकू आली. किंवा माझीच असेल ती.

२० नोव्हेंबर, बुधवार. मतदान

सकाळीच गेलो, दोघं मिळून. रांगेत साहेबांची माणसं अरुणला हात करत होती. बंडूभाऊजी शंभर पावलांवर टेबल टाकून बसलेले, चिठ्ठ्या देत. आमच्या चिठ्ठ्या त्यांनी न मागता काढून ठेवल्या होत्या. मला दिल्या. अरुणकडे बघितलं नाही.

यंत्रासमोर उभी राहिले. नावं वाचत खाली आले. आमचं नाव असतं तर कितव्या ओळीत असतं, हा विचार आला आणि डोळे भरले, अक्षरं दिसेनात. आतल्या बाईंनी विचारलं, "मॅडम, काही अडचण आहे का?"

साहेबांना दिलं नाही. बंडूभाऊजींच्या माणसाला दिलं. बाहेर अरुणनं विचारलं, "झालं?" म्हटलं, झालं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

साहेब निवडून आले. नुसते आले नाहीत, धो धो आले. दुपारीच चित्र स्पष्ट. राज्यभर तेच, सरकार परत त्यांचंच. कठीण कसलं न् काय. सोसायटीतले सगळे म्हणत होते आम्ही दिलं नाही. मग दिलं कोणी?

मिरवणूक स्थानिक वाहिनीवर दाखवत होते. जीपवर साहेब, त्यांच्यामागे अरुण. डोक्यापासून गुलालात. नाचत होता. माझा नवरा, जो स्वतःच्या भावाच्या वरातीत पोटदुखीचं सोंग करून गाडीत बसला होता, तो हात वर करून नाचत होता. चांगला नाचत होता.

मिरवणूक चौकात आली. बंडूभाऊजींच्या शेडसमोर मुद्दाम थांबवली. फटाक्यांची लांबच लांब लड लावली. डीजे वाढवला. भाऊजी आत कुठल्यातरी गाडीचं चाक धरून बसलेले, कॅमेऱ्यात क्षणभर दिसले. आत कोणीतरी सुतळी बॉम्ब फेकला. धूर. भाऊजी जागचे हलले नाहीत.

मी अरुणला शोधत होते. त्यानं हात खाली घेतले होते. जीपच्या दांड्याला धरून दुसरीकडे बघत उभा होता. जीप पुढे गेली.

टीव्ही बंद केला.

२४ नोव्हेंबर

गुलाल निघत नाही. बादलीभर पाणी तीनदा बदललं. कानात, भुवयांत अजून आहे. जेवताना घासावर पडला.

मी म्हटलं, "तिथं थांबू नका म्हणायचं होतं."

"म्हटलं होतं."

"कोणाला?"

तो कान पुसत राहिला. कदाचित खरंच म्हटलं असेल. डीजेत कोण ऐकतं.

३ डिसेंबर, मंगळवार

शोभाचा फोन ऑफिसात. शब्द लागत नव्हते. अतिक्रमणवाले आले, जेसीबी घेऊन. शेड पाडलं. पत्रे वाकवून ट्रकमध्ये टाकले, दुरुस्तीला आलेल्या लोकांच्या गाड्या बाहेर काढायलासुद्धा नीट वेळ दिला नाही. त्या ओळीत पंक्चरवाला आहे, झेरॉक्स आहे, चहाची टपरी आहे. सगळं जागच्या जागी. मधलं एकच गेलं.

अर्धी रजा घेऊन चौकात उतरले. दात पडल्यासारखी ती जागा. भाऊजी मातीतून पाने-नट वेचत होते. मला पाहून म्हणाले, "या वहिनी, बसायले जागा नाई आता."

अरुण संध्याकाळी आला. त्याला दुपारीच कळलं होतं. "मले माहीत नव्हतं," म्हणाला. घाबरला की गावची भाषा येते त्याच्या तोंडी. "आईशप्पथ, मले माहीत नव्हतं."

विश्वास ठेवला. ठेवून पाहिला.

५ डिसेंबर

मी म्हटलं, साहेब तुम्हाला विचारतात ना, तुला काय वाटतं म्हणून? मग जाऊन सांगा काय वाटतं.

गेला. दोन तास बाहेर बसवलं. पहिल्यांदाच असं झालं म्हणाला. आत गेल्यावर साहेब हसून बोलले. शेडचं त्यांना काहीच ठाऊक नाही. अधिकाऱ्यांनी नियमानं केलं असेल. पण गरीब माणूस आहे, शब्द टाकता येईल. फक्त बंडू प्रचारात जे जे बोलला त्याबद्दल त्यानं एकदा येऊन दिलगिरी व्यक्त करावी. चार लोकांसमोर. "आणि तू घेऊन ये त्याला. तुझा मित्र आहे."

अरुण हे सांगताना भिंतीकडे बघत होता.

८ डिसेंबर, रविवार

अरुणसोबत मीही गेले. एकटा गेला असता तर फाटकातूनच परत आला असता.

बंडूभाऊजी अंगणात, चिंचेखाली. तिथेच दोनतीन गाड्या उघडून बसलेत. शोभानं खुर्च्या आणल्या. अरुण बसला नाही. निरोप एका दमात सांगून टाकला, पाठ केल्यासारखा. मला वाटलं भाऊजी पाना फेकून मारतील. मारावा असंही वाटलं.

भाऊजींनी हात पुसले. म्हणाले, "कधी यायचं?"

"काय?"

"कधी यायचं म्हन्तो. मंगळवारी चालते का? सोमवारी गिऱ्हाईकाची गाडी द्यायची हाय."

एवढंच. ना टोमणा, ना शिवी. पोरीची फी, दुकानाचं सामान आणायचं, लोकांची कामं अडलेली. सगळं सरळ सांगितलं. शोभानं चहा दिला. अरुणनं कप हातात धरला आणि तसाच खाली ठेवला.

परतताना वाटेत गाडी थांबवली. म्हणाला, काही नाही, डोळ्यात गेलं काहीतरी.

१० डिसेंबर, मंगळवार

आज रजा घेतली. दुपार आहे. लिहून टाकते.

भाऊजी नऊला आले. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. अरुण बनियनवर, झोपाळ्यावर.

"चाल ना गा. तयार नाई झाला?"

"मी नाही येत."

"म्हणजे?"

"तुले साहेबांच्या पायऱ्या मी नाही चढवत, बंडू. मी चढलो ते पुरे झालं. मी आजच सांगून टाकतो त्यांना, मले महामंडळ नको, काही नको."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. हेच ऐकायला मी महिनाभर थांबले होते. छाती भरून आली. खरंच भरून आली.

भाऊजी फाटकाजवळच्या पायरीवर बसले. मग अरुणशी नाही, माझ्याशी बोलले.

"वहिनी, याले सांगा ना. ज्या दिवशी मले याचा स्वाभिमान पाहिजे होता त्या दिवशी यानं फोन बंद ठेवला. आता मले शेड पाहिजे, तं हा स्वाभिमान घेऊन बसला. माह्यासंगं काहून असं करून राह्यला हा?"

अरुणनं मान खाली घातली. हलला नाही. झोपाळा तेवढा हलत होता.

मी साडी बदलली. म्हटलं, चला भाऊजी, मी येते. अरुणनं वर पाहिलं, पण थांबवलं नाही.

साहेबांच्या बंगल्यावर मी पहिल्यांदाच. लोकच लोक, अधिवेशन तोंडावर म्हणून पास मागणारे. मला ओळखून लगेच आत घेतलं. "या वहिनी. तुम्ही कशाला त्रास घेतला?" भाऊजींनी हात जोडले आणि जे बोलायचं ते बोलले. सगळं. चार सोडून दहा लोक होते. साहेबांनी त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही, माझ्याकडेच बघत होते, हसत. मी खाली बघत होते.

"बंडूवर माझा राग नाहीच. घरचाच आहे. पण अरुण कुठे? बंडूला तूच घेऊन ये, असं मी त्याला म्हटलं होतं."

मी म्हटलं, बरं नाही त्यांना. ताप आहे.

"असं होय. मग बरा होऊ द्या." पुढच्या माणसाला खूण केली. "तो आला की लगेच मार्गी लावू. घाई काय आहे?"

येताना भाऊजी गाडी हळू चालवत होते. चौकात आल्यावर म्हणाले, "वहिनी, तुम्ही नसतं यायले पाहिजे होतं. तुम्हाले खोटं बोला लागलं." मग मला फाटकाशी सोडून, आत न येता गेले. अरुण साहेबांकडे येतो की नाही ते दोन दिवसांत कळवा म्हणाले.

अरुणनं तुरीच्या शेंगा सोलून ठेवल्या होत्या. कुकरही लावला होता. एरवी लावत नाही. पाठ माझ्याकडे होती.

"काय म्हणाले?"

म्हटलं, आधी जेवून घेऊ.

जेवण झालं. त्यानं पुन्हा विचारलं. मी ताटं उचलली. आता बाहेर झोपाळ्यावर बसलाय. सकाळपेक्षा ताठ बसलाय, असं मला तरी दिसतंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी नाही म्हणालेला माणूस. त्याला जाऊन सांगायचं आहे, की बंडूभाऊजींना घेऊन साहेबांकडे जा. आणि न सांगितलं तर शोभाला काय सांगू?

पुन्हा हाक मारतोय. आले म्हटलं.